सुखीबाईचे शब्द

सलोनीनं एंटर दाबलं आणि दोन्ही हात लॅपटॉपपासून लांब उचलले.

"पाहा मामाजी. आता मी कशालेच हात लावत नाही. सगळं आपोआप होते."

तिचे सासरे धावजी खुर्चीच्या पाठीवर हात टेकवून उभे होते. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकत होत्या. त्यांनी चष्मा नाकावर वर ढकलला, चार-दोन ओळी वाचायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"मागच्या बारीले दोन रविवार गेलते," ते म्हणाले.

"म्हणून तर केलं ना हे."

वर्षभरात ही तिसरी वेळ होती. पहिल्यांदा अपडेट चालू असताना वीज गेली, आणि बॅटरी तर केव्हाचीच मेलेली. दुसऱ्यांदा काय झालं ते शेवटपर्यंत कळलंच नाही. आता या गुरुवारी लॅपटॉप उघडला तर कोपऱ्यात नुसती एक रेघ लुकलुकत राहिली. प्रत्येक वेळी लिनक्स नव्यानं टाकायचं आणि मग धावजींच्या सवयी एकेक करून परत बसवायच्या. मराठी कीबोर्ड, मोठी अक्षरं, प्रिंटर, पेन्शनचं पान पहिल्या जागी, मेल दुसऱ्या जागी, पडदा काळवंडण्याची वेळ लांब. एवढं करून ती कणीक मळायला गेली की बाहेरून हाक यायची, "सलोनी, तो अर्धा र कुठी गेला?" हात धुऊन यायचं, अर्धा र शोधायचा, परत कणकेत हात घालायचे, की पुढची हाक.

कॉलेजात तिच्याकडे साठ मुलं आणि चालू असलेले अकरा संगणक. तिथंही दिवसभर हेच. त्यामुळे दुसऱ्या खेपेनंतर तिनं दात-ओठ खाऊन ठरवलं आणि तीन आठवडे मोकळ्या तासांना बसून एक स्क्रिप्ट लिहिली. जवळपास ऐंशी ओळी. जे जे हातानं करायचं ते सगळं त्यात. कोणती सेटिंग कुठं, कोणतं बुकमार्क कितव्या जागी. आधीच्या दोन्ही वेळा ती घाईत जुनं सगळं जसंच्या तसं पेनड्राइव्हवर उतरवून ठेवायची आणि परत ओतायची. त्यात नको तो कचराही परत यायचा. या खेपेला तसं काही केलं नव्हतं. फोटो, कागदपत्रं आणि बुकमार्क तेवढे बाजूला काढले, बाकी सगळं पुसलं.

अठरा मिनिटांनी शेवटची ओळ आली. ब्राउझर आपोआप उघडला. पेन्शनचं पान पहिल्या जागी, मेल दुसऱ्या जागी, अक्षरं सासऱ्यांना हवी तेवढी मोठी. अर्धा र सुद्धा आपल्या जागी होता.

"बसा," ती उठत म्हणाली. आवाजात अभिमान होता आणि तो लपवायची तिला काही गरज वाटली नाही.

धावजी बसले. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते. पुसद डेपोतून निवृत्त झाल्यावर पहिली तीन वर्षं त्यांना घरात करमलं नाही. मग ते गोरबोलीतले, म्हणजे आपल्या बंजाऱ्यांच्या बोलीतले, शब्द लिहायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं. मेल उघडायचे, नवं पत्र सुरू करायचे आणि कोणालाच न पाठवता तसंच ठेवायचे. प्रत्येक अक्षराचं एक पत्र. अ चं, आ चं, क चं. चार वर्षांत अशी चाळीसेक पत्रं झाली होती. ती मेलवर असल्यामुळे सलोनीला त्यांची काळजी नव्हती. संगणक जळून गेला तरी पत्रं सुरक्षित.

त्यांनी क चं पत्र उघडलं. पान खालपर्यंत सरकवलं, परत वर आणलं.

"हे सगळं लाल झालं," ते शेवटी म्हणाले.

सलोनीनं वाकून पाहिलं. प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ होती. पानभर, वरून खालपर्यंत.

"ते काही नाही मामाजी. मशीनले मराठी येते, गोरबोली येत नाही. म्हणून सगळ्या शब्दायले चूक म्हणते. थांबा."

तिनं ती तपासणीच बंद केली. रेघा गेल्या. मग स्क्रिप्ट उघडून त्यात तशी एक ओळही वाढवली, म्हणजे पुढच्या वेळी हा प्रश्न यायला नको, आणि ती कपडे भिजवायला निघून गेली.

अर्ध्या तासानं आली तेव्हा धावजी हात मांडीवर ठेवून तसेच बसलेले होते. पत्रात एक अक्षर वाढलेलं नव्हतं.

"काय झालं?"

"आता काहीच लाल नाही."

"हो. मंग?"

"मंग मले कसं समजन?"

"काय कसं समजन?"

"राहू दे," धावजी म्हणाले.

सलोनीनं ओल्या हातानं कपाळावरचे केस मागे सारले. लग्न होऊन या घरात आली त्याला अकरा वर्षं झाली. ती घाटंजीची, कुणब्यांची. आपल्या बोलीतून वेगळ्या बोलीच्या घरात आली, पण बोलीचा त्रास तिला कधी झाला नाही. सगळे तिच्याशी वऱ्हाडीतच बोलत. त्रास झाला तो या 'राहू दे'चा. जन्मभर भरल्या गाडीत 'पुढं सरका' ओरडलेला माणूस घरात मात्र अर्धं वाक्य बोलायचा आणि उरलेलं समोरच्यानं ओळखायचं.

"नाही, राहू कायले देऊ? सांगा ना. लाल पाहिजे का नको?"

"पाहिजे."

"पाहिजे? मंग मघा काहून म्हटलं, सगळं लाल झालं म्हणून?"

"सगळं नाही पाहिजे."

झालं. एवढ्यावर ते उठून बाहेर गेले आणि ओट्यावर तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप पुढ्यात घेऊन सोलत बसले.

सलोनी खुर्चीत बसली. रविवारचे साडेअकरा वाजले होते. आठवड्यातला एक दिवस, त्यातला अर्धा गेला. ठीक आहे, ती स्वतःशीच म्हणाली. रेघ चुकीच्या शब्दाखाली यावी आणि गोरबोलीच्या शब्दाखाली येऊ नये, एवढंच म्हणायचं असेल. मग मशीनला गोरबोली शिकवून टाकू. तिनं चाळीसही पत्रांतला मजकूर बाहेर काढला, त्यातले शब्द वेगळे करणारी एक कमांड लिहिली आणि सगळे शब्द ब्राउझरच्या शब्दकोशात ओतले. सहा हजार तीनशे बारा. तपासणी पुन्हा सुरू केली. क चं पत्र उघडलं. एकही रेघ नाही. मुद्दाम एक शब्द चुकीचा टाइप करून पाहिला, त्याखाली लगेच रेघ आली. तो पुसून तिनं हाक मारली.

धावजी आले. उभ्या उभ्याच त्यांनी क चं पान पाहिलं, ख चं पाहिलं, ग चं पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले.

"ह्या सगळ्या शब्दायले हो कोनं म्हटलं?"

"म्हणजे?"

"हे खरे आहेत म्हणून कोनं सांगतलं मशीनले?"

"मी सांगतलं."

"तू?" धावजींनी तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, विनातिकीट माणूस मंत्रालयाची ओळख सांगायला लागला की कंडक्टर पाहतो तसं. "तुले यातले चार तरी येतात का?"

सलोनीचा तोल गेला. "मामाजी, सकाळपासून तीनदा केलं मी. लाल होतं, तुमाले नको. लाल काढलं, तुमाले नको. आता बरोबर केलं, तरी नको. मले नीट सांगान का एकदा? का मी अशीच बसू?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. सासूबाईंनी कान दिला होता.

धावजींनी चष्मा काढला. मग एकेक शब्द तोलत, प्रवाशाला मार्ग समजावून सांगावा तसं ते बोलले.

"हे पाह्य. कोठी शब्द आयकला का मी इथं लिहितो. लग्नात, बाजारात, गाडीत. लिहिला का त्याच्याखाली लाल येते. म्हणजे तो बिनातिकिटाचा. मंग रविवारी तांड्यावर जातो. सुखीबाईले विचारतो, बाई, हा शब्द आपला हाय का? असाच म्हणत का? ती हो म्हणाली, का मंग घरी येऊन उजवं बटण दाबतो. तिथं येते ना, शब्दकोशात जोडा म्हणून. ते दाबलं का लाल जाते. त्याचं तिकीट फाटलं. ती नाही म्हणाली तर लालच राहते. का तिले आठवत नसन, तरी लालच राहते. मंग पुढच्या रविवारी पुन्हा विचारतो."

"अन् हे कुठी लिहून ठेवलं? कोणता विचारला, कोणता नाही?"

"लिहाले कायले पाहिजे? पाह्यलं का दिसे ना."

सलोनीनं लॅपटॉपकडे पाहिलं. ब्राउझरमधली ती एक लहानशी फाइल. उजवं बटण दाबून जोडलेले शब्द त्या फाइलीत जमा होतात, हे तिला माहीत होतं. मुलांना तिनं शिकवलंही होतं. तिच्या ऐंशी ओळींत त्या फाइलीचं नाव नव्हतं. कोण असं हातानं शब्द जोडतं, कोणाच्या फाइलीत असून असून काय असणार? असले तर पाच-पंचवीस.

"किती झाले होते जोडून?" तिनं विचारलं.

"चार हजाराच्या वर."

सुखीबाई म्हणजे धावजींची थोरली बहीण. मार्गशीर्षात गेली. तेराव्याला सलोनीनंच तांड्यावर दीडशे माणसांच्या चहाचं पाहिलं होतं.

"आहे, मामाजी," ती घाईनं म्हणाली. "माह्याकडं जुनं सगळं उतरवलेलं आहे. दिवाळीच्या वक्ताचं. थांबा तुम्ही."

कपाटात बिस्किटाच्या डब्यात तिचे पेनड्राइव्ह असायचे. निळा तिनं लगेच ओळखला. लॅपटॉपला लावला, उघडला, आणि आत जे दिसलं त्याकडे ती नुसती पाहत राहिली. लिनक्स टाकायची फाइल. गुरुवारी संध्याकाळी रिकामा पेनड्राइव्ह सापडत नव्हता म्हणून हाच घेतला होता. यातलं सगळं पुसायचं का, असं मशीननं विचारलं होतं. तिनं हो म्हटलं होतं.

पुसलेलं परत काढायचं एक साधन तिला ठाऊक होतं. ते चालवलं. तासभर पेनड्राइव्ह घासला, मग लॅपटॉपची डिस्क घासली. कुणाच्या तरी साखरपुड्याचे अर्धे कापलेले फोटो निघाले, विजेच्या बिलाची दोन पानं निघाली. ती फाइल निघाली नाही. जिथं ती होती, त्याच जागेवर सकाळी अठरा मिनिटांत सलोनीनं नवं घर बांधलं होतं.

धावजी ओट्यावर होते. सलोनी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. काय काय बोलायचं ते तिनं मनात जुळवलं होतं: वीज, बॅटरी, जुनी डिस्क. प्रत्यक्षात ती एवढंच म्हणाली, "माह्या हातानं पुसल्या गेलं, मामाजी. दोन्ही जागचं."

धावजींच्या हातातली शेंग सोलायची राहिली.

"हौ का," ते म्हणाले. शेंग परत सुपात टाकली. "जेवून घे. उशीर झाला तुले."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

सगळे जेवायला बसले. नवरा घनश्याम परीक्षेच्या कामाला दिग्रसला गेलेला, त्यामुळे ताटं तीनच. सासूबाई, धनीबाई, भाकरी वाढत होत्या. धावजींच्या ताटात दुसरी भाकरी पडली तरी पहिली अर्धीच होती. धनीबाईंनी ते पाहिलं आणि सलोनीला कळावं म्हणून वऱ्हाडीत विचारलं.

"किती शब्द गेले?"

"चार हजार," धावजी म्हणाले.

"शब्द गेले का नुसत्या खुणा?"

"खुणा गेल्या. शब्द हाय. पन कोणता विचारून झाला, कोणता नाही, ते आता कोन सांगन?"

"सगळे बाईलेच विचारले होते?"

"मंग कोणाले विचारू? जुनं तिलेच येत होतं."

धनीबाईंनी तव्यावरची भाकरी उलथली. तांबूस डाग पडले तशी उचलली, टोपल्यात टाकली आणि गॅस बारीक केला.

"वाचा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"जेवण झाल्यावर वाचा एकेक. मी सांगतो कोणता तिचा ते."

धावजींनी मान वर केली. "तू कशी सांगशीन? तू त पैनगंगेच्या तिकडची. तुमचं बोलणं वेगळं."

"म्हणूनच सांगन." धनीबाईंचा आवाज चढला नाही. "लग्न करून आलो तवा सोळा वर्षांची होतो मी. तोंडातून शब्द काढला का तुमची बाई म्हणे, असं नाही म्हणत आपल्यात. विहिरीवर, चुलीपाशी, चार बायांसमोर. पंधरा वर्षं टोकलं तिनं मले. साऱ्या बाया हासत. ज्या शब्दासाठी एवढं हासू झालं, तो मी इसरीन का?"

सलोनीचा घास हातातच राहिला. अकरा वर्षांत सासूबाईंच्या तोंडून नणंदेबद्दल तिनं एक वाकडा शब्द ऐकला नव्हता. आताही तो वाकडा नव्हता. कोणी आपल्या शेताचे बांध सांगावेत तसं त्या सांगत होत्या.

ताटं उचलल्यावर सलोनी लॅपटॉपसमोर बसली. सकाळी भरलेले सहा हजार शब्द तिनं आधी काढून टाकले. पानं पुन्हा पूर्ण लाल झाली.

"सांगा मामाजी," ती म्हणाली. "आधी सांगा कसं पाहिजे. मंगच मी हात लावते."

धावजींनी विचार केला. "एक शब्द मोठा दिसला पाहिजे. आमी हो म्हटलं त जोडला पाहिजे. नाही म्हटलं त पुढचा."

"अन् ती फाइल रोज आपोआप मेलवर गेली पाहिजे," सलोनी म्हणाली. "हे माह्याकडून."

पंधरा-वीस ओळींत झालं. पडदाभर एकच शब्द यायचा, ह दाबलं की जोडला जायचा, न दाबलं की पुढचा. धावजी वाचायचे. धनीबाई पलंगाच्या कडेला बसून ऐकायच्या.

"वेतडू."

"नवरदेव. तिचा. आमी बी म्हणतो."

सलोनीनं ह दाबलं.

"ढावलो."

"हे काय विचारता? माह्या लग्नात माह्याच गळ्यात पडून गाणं म्हटलं बायायनं, रडू रडू. हो."

ह.

पुढच्या शब्दाला धनीबाई हसल्या. "हा तिचा नाही. हा तुमी टेपवर आयकला असन कोठीतरी. बाईच्या तोंडातून हा कधीच निघाला नाही."

धावजींनी पडद्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "अवो हो," ते म्हणाले. "तिनं नाहीच म्हटलं होतं याले."

न.

असे तीसेक झाले, मग साठ, मग सलोनीनं मोजणं सोडलं. काही शब्दांना धनीबाई नुसतीच मान हलवायच्या. काहींना कोण कोण हजर होतं ते सांगायच्या, विहीर कोणती, साल कोणतं. एका शब्दाला त्यांनी अगदी सुखीबाईसारखा नाकात सूर लावून तो म्हणून दाखवला, आणि धावजींनी पटकन तोंड खिडकीकडे वळवलं. सलोनीनं ह दाबायला थोडा वेळ लावला.

आतून गॅसवर ठेवलेल्या दुधाचा वास यायला लागला होता. पडद्यावर कांचळीच्या पाठीवरच्या बंदाचा शब्द आला. बायकांच्या चोळीचा तो भाग. धावजींनी पुढं अर्थ लिहून ठेवला होता. त्यांनी शब्द वाचला. धनीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. धावजींनी परत वाचला.

"तिचा," धनीबाई म्हणाल्या. "याच्यासाठी लय हासली होती मले. लाव."

सलोनीनं ह दाबलं. धनीबाई गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या आणि स्वयंपाकघराकडे वळल्या.

"आन् तुह्या तांड्यात काय म्हणत याले?"

धावजींनी हे पडद्याकडे पाहतच विचारलं होतं. धनीबाई दारात थांबल्या. चौकटीला धरलेला हात तसाच राहिला.

"आज विचारता?"

धावजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत घातला. मग सलोनीच्या बाजूला थोडं सरकले, आणि आपली खुर्ची रिकामी करून बाजूच्या स्टुलावर बसले.

धनीबाईंनी त्या खुर्चीकडे पाहिलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "गॅस बंद करून येतो."